खालचा घोस आणि दहा मिनिटं

‘फक्त दहा मिनिटं’ हे शब्द कोणी माझ्यासमोर काढले की माझं डोकं फिरतं. फक्त म्हणे! दहा मिनिटांत माझ्या चार भाकरी होतात. दहा मिनिटांत नळ येऊन जातो आणि हंडा लावायला उशीर झाला तर दोन दिवस वाट बघावी लागते. दहा मिनिटं उशिरा पोचलं तर बुलढाण्याची गाडी गेलेली असते आणि फाट्यावर उभं राहून धूळ खावी लागते. ज्यांच्या दिवसात दहा-दहा मिनिटं सांडलेली असतात त्यांनी ती खुशाल वेचावीत. आम्हाला शिकवू नये.

परवा सकाळी शेडनेटचं दार उघडलं आणि टोमॅटोच्या पानांचा तो वास अंगावर आला. पोळा झाला की आठ-दहा दिवसांत हा वास येतोच. उग्र, हिरवा, नाकात ठाण मांडून बसणारा. दिवसभर त्या झाडांत हात घातला की बोटं आधी हिरवी होतात, मग पिवळी, आणि संध्याकाळपर्यंत काळी. साबणाने निघत नाहीत. भाकरी मोडली तर घास कडू लागतो. कोणाला कशाने काय आठवेल याचा नेम नाही. मला या वासाने माझी धाकटी जाऊ आठवते, तिच्यामागोमाग तिच्या मोबाइलमधला तो ओरडणारा माणूस आठवतो, आणि माझी सगळी सकाळ नासते.

आमच्याकडे या दिवसांना क्रॉसिंग म्हणतात. टोमॅटो पिकवणं वेगळं आणि टोमॅटोचं बियाणं तयार करणं वेगळं. देऊळघाटच्या शिवारात आता जिकडे बघावं तिकडे हिरव्या जाळीचे मांडव दिसतात, त्यांत हेच चालतं. दुपारी न उमललेली कळी बोटांत धरायची, चिमट्याने तिच्यातला पिवळा नर उपटून टाकायचा, आणि मधली बारीक काडी मात्र मोडू द्यायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कळीला दुसऱ्या जातीच्या नराची पावडर लावायची, आणि खूण म्हणून फुलाखालच्या दोन हिरव्या पात्या खुडायच्या. खूण नसलेलं फळ दिसलं की तोडून फेकायचं. असं रोज, दीड महिना, एकही कळी न चुकवता. या कामाला ताकद लागत नाही. नजर लागते, आणि बसणं लागतं. पहिला घोस जमिनीपासून वीतभरावर येतो, त्यामुळे सुरुवातीचे पंधरा दिवस सगळं काम उकिडवं बसून, वाफ्याच्या कडेने सरकत सरकत करायचं असतं.

या कामात माझा हात चांगला आहे. हे मीच सांगते, कारण दुसऱ्या कोणी सांगेल म्हणून वाट बघत बसायला मला वेळ नाही. मराठी घेऊन बी.ए. झाले, जळगाव जामोदहून लग्न होऊन इथे आले, आणि घरात कोणाची बायको, कोणाची आई, कोणाची वहिनी होऊन बसले. नेटमध्ये मात्र गेली बारा वर्षं मी म्हणेन ती पूर्व दिशा. बियाणं घेणाऱ्या कंपनीचा माणूस येतो तोसुद्धा आधी मला विचारतो आणि मग आमच्या यांना. सहा बाया माझ्या हाताखाली काम करतात, आणि माझ्याकडे शिकून गेलेल्या कितीतरी जणी आज दुसऱ्यांची नेटं सांभाळतात. एवढी एकच जागा माझी होती. ती हातची जाईल या भीतीने मी जे केलं ते आज लिहून टाकते.

तीन वर्षांपूर्वीच्या क्रॉसिंगला प्रणिता आली. प्रणिता म्हणजे माझी ही जाऊ. माझे दीर पुण्यात नोकरीला आहेत. ऑफिसने त्यांना दोन महिन्यांसाठी परदेशी पाठवलं, फ्लॅटमधली फरशी दुरुस्तीसाठी उखडलेली, आणि हिचं काम घरी बसून चालणारं. म्हणून ही लॅपटॉप घेऊन आमच्याकडे. मूळची मेहकरकडची, हिवरा आश्रमाजवळच्या एका खेड्यातली पोरगी. पण पुण्यात दहा वर्षं काढून भाषा इतकी घासूनपुसून आणलेली, की मी काही म्हटलं की ती ‘काय म्हणालात, ताई?’ असं दोनदा विचारी. समजत होतं तिला सगळं. मला खात्री आहे.

दुसऱ्याच दिवशी सकाळी सहाला मी डबा बांधत होते, तर पडवीत धप्प, धप्प आवाज. वाटलं, पत्र्यावरून माकडं उतरली. जाऊन बघते तर ही. गव्हाच्या कोठीला मोबाइल टेकवून ठेवलेला, खाली चटई, आणि मोबाइलमधला एक पिळदार दंडांचा माणूस हिंदीत ओरडतोय. बिझी लोकांसाठी म्हणे, घरच्या घरी, सामान काही नको, फक्त दहा मिनिटं. वीस सेकंद जीव खाऊन करायचं, दहा सेकंद थांबायचं, पुन्हा वीस सेकंद. उठाबशा, मग जोर, मग जागच्या जागी पळणं, मग जमिनीवर पालथं पडून उठून उडी. ती घामाघूम झाली होती आणि तो माणूस तिला शाबासकी देत होता, जणू काही त्याला ती दिसतच होती.

आमचे हे चहाची कपबशी हातात घेऊन दारात उभे. मला हळूच म्हणाले, “अवं, हे काय करून राह्यली?”

“मागल्या जन्मीचं पाप फेडून राह्यली,” मी म्हटलं.

आमच्या शाळेत गृहपाठ केला नाही की गुरुजी उठाबशा काढायला लावत. पन्नास काढल्या की पोरगी रडत घरी जाई आणि आई गुरुजींच्या नावाने बोटं मोडी. आता लोक त्याच उठाबशा आपखुशीने काढतात, वर घामेजल्या तोंडाचा फोटो काढून सगळ्यांना पाठवतात. ती दहा मिनिटं मी रोज ऐकत होते. धप्प, धप्प. आठवड्याभरात माझा संयम संपला.

“एवढा जोर उतू जाऊन राह्यला असंल तं नेटमध्ये चाल माह्यासंगं,” मी तिला म्हटलं. “सहापासून बारापर्यंत उकिडवी बस. चटई लागत नाई, मोबाइल लागत नाई.”

ती हसली. “ताई, ते काम आहे. व्यायाम वेगळा.”

वेगळा! हा शब्द मला झोंबला. आमच्याकडे राबणाऱ्या माणसाला व्यायाम कशाला, हे कोणी बोलूनही दाखवत नाही, इतकं ते सगळ्यांना मान्य असतं. सकाळी रस्त्याने हात हलवत भरभर चालणारा कोणी दिसला तर तो एक तर मास्तर असतो नाही तर शुगरवाला. ज्याच्या अंगाला काम आहे त्याच्या अंगाला आणखी काही लागतं, हे मुळात आमच्या डोक्यातच येत नाही. आणि ही मेहकरची पोरगी, जिची आई आयुष्यभर निंदणी-वेचणी करत आली, तीच मला सांगणार की ते वेगळं!

आता खरं सांगते. मला राग आला होता तो तिच्या बोलण्याचा नव्हता, तिच्या गुडघ्यांचा होता.

त्याच वर्षी पोळ्याला बैलाचे पाय धुवायला मी खाली बसले आणि मला उठताच येईना. उजवा गुडघा दुखत होताच, पण दुखण्याचं मला काही विशेष नव्हतं. मांड्यांत जोरच उरला नव्हता. जमीन मला सोडेना. शेवटी बैलाच्या मोरकीला धरलं, तो एक पाऊल पुढे सरकला आणि त्याच्याबरोबर मी वर आले. कोणी बघितलं नाही. बैलाने बघितलं, पण तो कोणाला सांगणारा नव्हता. मग बुलढाण्याला जाऊन डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि मान वरही न करता म्हणाले, “खाली बसणं बंद करा.”

बंद करा! क्रॉसिंगवाल्या बाईला खाली बसू नको म्हणणं म्हणजे सुताराला हात वापरू नको म्हणण्यासारखं आहे. शेजारच्या एका नेटमधल्या बाईचं मी बघितलं होतं. तिला बसवेना, तर घरच्यांनी सगळं नेट ठेक्याच्या टोळीला देऊन टाकलं. आता ती त्या टोळीसाठी चहा करते. पदराने घाम पुसत किटली घेऊन दाराशी उभी राहते, आणि आत कळ्या कशा चुकतायत ते बाहेरून बघते. मला तसं व्हायचं नव्हतं. मी मेले असते, पण किटली धरली नसती.

त्या वर्षी क्रॉसिंगच्या पहिल्या दिवशी सहा जणी दाराशी पदर खोचून उभ्या होत्या. रीत अशी, की पहिल्या झाडाशी मी बसायचं आणि मग बाकीच्यांनी आपापली ओळ धरायची. मी पहिल्या झाडाशी गेले. खाली बघितलं. तो वीतभरावरचा घोस, पिवळ्या कळ्यांनी टरारलेला. बसले असते तर सहा जणींच्या देखत कोणाला तरी मला बगलेत हात घालून उठवावं लागलं असतं.

“अवंदा खालचा घोस धराचा नाई,” मी उभ्या-उभ्या म्हटलं. “खुडून टाका. त्यानं झाड दबते.”

शांताबाई सगळ्यांत थोरली. पहिल्या वर्षापासून माझ्या नेटात. तिने माझ्याकडे नीट बघितलं. “काऊन वो वयनी? आजवर तं पयला घोसच खरा म्हनत होती तू.”

“कंपनीवाल्यानं सांगतलं.”

कोणी काही सांगितलं नव्हतं. रोप अशक्त असलं तर काही लोक पहिली फुलं खुडतात, एवढंच खरं. पण आमचं रोप दणकट होतं, आणि पहिल्या घोसाचं बी सगळ्यांत टपोरं असतं हे मीच नऊ वर्षं त्यांना शिकवत आले होते. नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणणारे पुष्कळ असतात. मी तर अंगण वाकडंच असतं असा नियम काढला आणि सहा जणींना पाठ करायला लावला. त्यांनी पटापट वाकून घोस तोडले. वाफ्यांत पिवळा सडा पडला. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. सुटल्यासारखं वाटलं.

घरात मात्र सुटका नव्हती. प्रणिता घरी होती, आणि लॅपटॉपसमोर बसलेल्या माणसाचं लक्ष नको तिथे फार असतं. एकदा मी ओट्याखालून डाळीचा डबा काढायला बसले आणि पिठाच्या पिंपाला धरून, दात-ओठ खात उठले. वळले तर ही दारात.

“ताई,” ती हळू आवाजात म्हणाली, “या खुर्चीवर बसा आणि हात न टेकता उठून दाखवा बघू.”

मी बसले. उठले नाही. उठता येणार नव्हतं, म्हणून रागावून बसून राहिल्याचं सोंग केलं. ती समोर गुडघ्यांवर बसली, अगदी सहज, आणि समजावू लागली. काम अंगाला रोज एकाच बाजूने वाकवतं, ताई. बाकीचे स्नायू झोपून जातात. मांड्यांत जोर आला की गुडघ्याला आधार मिळतो. दहा मिनिटं, ताई, फक्त दहा मिनिटं रोज.

“मले शिकवू नोको,” एवढंच मी म्हटलं.

तिने ते ऐकलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण दोन दिवसांनी ती आपणहून चहा घेऊन नेटवर आली. चांगल्या मनाने आली होती, हे आज कबूल करते. बायांना चहा दिला, ओळींमधून हिंडली, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, “ताई, खालची फुलं सगळ्यांनीच का काढली? का तुम्हाला खाली बसायला—”

पुढचा शब्द मी तिला बोलू दिला नाही. माझं पितळ उघडं पडणार होतं, आणि मी हातात आलं ते फेकून मारलं. “जिले घरचं काम नाई, जिच्या मांडीवर लेकरू नाई, तिनं मले शिकवाचं नाई. तुले येळ हाये म्हून तू उड्या मारत असते.”

लग्नाला नऊ वर्षं झाली होती तिच्या. किती डॉक्टर झाले होते, किती नवस, हे मला माहीत होतं. सहा बाया आपापल्या चहाच्या कपात बघू लागल्या. तिचं पुण्याचं मराठी त्या क्षणी कुठे गेलं कोण जाणे.

“माही मायबी हेच म्हने, जाऊबाई,” ती म्हणाली. “आमाले कायचा व्यायाम, कामच व्यायाम हाये म्हने. आता खाटेवरून तिले आमी दोघी बहिनी दोन बाजूनं धरून उठवतो.”

रिकामी किटली घेऊन ती गेली. चार दिवसांनी पुण्यालाही गेली. फरशी अजून व्हायची होती.

मी तिला थांबवलं नाही. पडले तरी नाक वर, ही आमच्या माहेरची खोड आहे. उलट सगळ्यांना सांगत सुटले, की पुण्याच्या माणसांना आमचं पाणी मानवत नाही.

माझा नियम मात्र पसरला. माझ्याकडे शिकलेल्या बायांनी तो आपापल्या नेटात नेला. दुसऱ्या वर्षी बुलढाण्याच्या बाजारात, मेथीची जुडी निवडताना, शेजारी दोन अनोळखी बाया बोलत होत्या. एक दुसरीला सांगत होती, की देऊळघाटकडं खालचा घोस धरतच नाहीत, तिथल्या एका वयनीचा नियम हाये तसा. मला गर्व वाटायला हवा होता. मेथीची जुडी तिथेच टाकून मी निघाले. किती नेटांत किती घोस मातीत गेले असतील, सगळ्यांत चांगल्या बियाचे, माझ्या एका गुडघ्यापायी. हे कोणाला सांगावं असं एकही माणूस मला आठवेना.

गेल्या वर्षी आमच्या यांनी नेटमध्ये एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली. “हे पाह्य,” ते म्हणाले, “तू फक्त बसून लक्ष ठेव. आता वाकाचं वय हाये का तुहं?” मायेने म्हणाले. त्यांना कळलेलं होतं, कधीचं, आणि त्यांनी एका शब्दाने मला दुखवलं नव्हतं. ती माया मला सहन झाली नाही. आज खुर्ची, उद्या दारापाशी किटली. मी खुर्ची उचलली आणि घरी आणून धान्याच्या खोलीत टाकली.

पुण्याला गेल्यापासून प्रणिता दर सोमवारी मला एक व्हिडिओ पाठवत असे. सोबत एक शब्द नाही, राम राम नाही. मी ते उघडत नव्हते आणि पुसतही नव्हते. त्या दिवशी खोलीचं दार आतून लावलं, पोत्यावर मोबाइल ठेवला आणि तिचा पहिला व्हिडिओ लावला. खुर्ची घेऊन करायचा होता. तिला माहीत होतं मी कुठून सुरू करणार ते. याचाही मला राग आला.

हात छातीशी घट्ट बांधायचे आणि खुर्चीवरून उठायचं. पहिल्या दिवशी दोनदा उठले, तिसऱ्यांदा धपकन मागे बसले आणि ज्वारीच्या पोत्यावर डोकं आपटलं. भिंतीला पाठ लावून अर्धं खाली घसरायचं आणि तिथेच थांबायचं. वीस सेकंद. हे वीस सेकंद कोणी मोजले, त्याला एकदा भेटायचं आहे मला. मांड्या पेटत, श्वास पुरत नसे, आणि तो मेला मोबाइलमधून ‘शाब्बास’ म्हणे. “तोंड मिट बे,” मी त्याला म्हणायची. माहेरी, नदीवर धुणं धुताना ऐकलेल्या जेवढ्या शिव्या आठवत होत्या, त्या सगळ्या त्याला दिल्या. भिंतीवर जोर काढताना दिल्या, उंबऱ्यावर चढउतार करताना दिल्या. दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्यांनीही हेच करायला सांगितलं, दुखलं की थांबा म्हणाल्या. म्हणजे सगळं जग प्रणिताच्या बाजूचं.

लोक म्हणतात, सवय झाली की मजा येते. मला आली नाही. आजही येत नाही. खोलीचं दार लावताना रोज वाटतं, कोणीतरी हाक मारावी, दूध उतू जावं, पाहुणे यावेत. सगळ्यांत जास्त राग याचा येतो, की ती दहा मिनिटं खरोखरच निघतात. डाळ कुकरला लावल्यापासून शिट्टी होईपर्यंत ती तिथे पडलेली होतीच, इतकी वर्षं. मी त्या वेळात ओटा दुसऱ्यांदा पुसत असे. दिवाळीपर्यंत सहा वेळा उठू लागले. संक्रांतीला खुर्ची बाजूला करून पाटावर बसले आणि उठले. या उन्हाळ्यात एकदा रिकाम्या जमिनीवर उकिडवी बसले आणि कशालाही न धरता उभी राहिले. खोलीत कोणी नव्हतं. मी खूप वेळ तशीच उभी राहिले आणि मग मला रडू आलं, रागाचंच.

तर परवा सकाळी त्या सहा जणी नेटच्या दाराशी आल्या. मी काही सांगायच्या आत त्यांनी ओळी धरल्या आणि खालचे घोस खुडायला सुरुवात केली. नियमच तो. शांताबाई एका हाताने झाडाच्या काठीला धरून कमरेतून वाकत होती आणि दुसऱ्या हाताने तोडत होती.

“थांबा,” मी म्हटलं. “खालचा घोस तोडू नोका.”

“काऊन? कंपनीनं बदलवलं का?” शांताबाईने विचारलं.

तिने उत्तर माझ्या तोंडात आयतं दिलं होतं. ‘हाव’ एवढंच म्हणायचं होतं. माझी बारा वर्षं शाबूत राहिली असती. सहा जणी माझ्याकडे बघत होत्या, आणि ज्या बाईचा शब्द त्यांनी देवाच्या शब्दासारखा मानला होता ती बाई त्या ‘हाव’वर उभी होती.

मी पहिल्या झाडाशी गेले आणि उकिडवी बसले. कळी बोटांत धरली. वर न बघताच बोलले, “कंपनीनं काईच सांगतलं नव्हतं. तीन वर्षं म्या खोटं सांगतलं. मले खाली बसता येत नव्हतं.”

मला वाटलं, आता कोणीतरी हसेल. निदान कोणी चिमटा खाली ठेवून निघून जाईल.

“मलेबी येत नव्हतं,” शांताबाई म्हणाली.

मी वर बघितलं. “काय?”

“बसता. पाच वर्सं झाली. पयले दोन वर्सं दात-ओठ खाऊन बसली. त्वा तो नियम काढला त्या दिवशी घरी जाऊन म्या देवाले साखर ठेवली, माय.”

“माहा डावा गुडघा,” दुसऱ्या ओळीतून आवाज आला. “म्या तं मोरीतबी स्टूल ठेवलं,” तिसरी म्हणाली. एक-एक करून सगळ्या बोलल्या. ज्या नियमाखाली मी माझं दुखणं लपवलं होतं, त्याखाली आणखी सहा जणी लपून बसल्या होत्या. हातभर अंतरावर, एकाच जाळीखाली, आणि एकीने दुसरीला ते कळू दिलं नव्हतं. कामाला नको म्हणतील ही भीती तिथे सगळ्यांनाच होती.

मला इतका संताप आला की कळी हातात चुरडली. त्या मोबाइलवाल्याचा नाही, प्रणिताचा तर नाहीच. आमचा आला. अंग मोडलं तरी मोडलं म्हणायचं नाही, आणि अंगासाठी काही करणाऱ्याला मात्र रिकामटेकडी म्हणायचं, ही जी आमची मिजास आहे तिचा आला. ती मिजास माझ्याइतकी कोणी केली नव्हती.

आता खालचे घोस कोण धरणार, हा प्रश्न उरलाच. नेटमध्ये सात जणी होत्या, आणि खाली बसून उठू शकणारी एकच. मग त्यांनी वरचं बघितलं, आणि खालचं सगळं मी केलं. सकाळी उमललेली फुलं काढली, दुपारी कळ्या धरल्या. आठही ओळी. शेवटच्या ओळीला पाय असे कापत होते की चिमटा धरवेना. तरी दरवेळी हात न टेकता उठले, आणि दरवेळी सहा जणी हातातलं काम थांबवून बघत होत्या.

संध्याकाळी प्रणिताला फोन करायला घेतला आणि ठेवून दिला. गुडघ्याचं सांगता येईल. तिच्या मांडीवर लेकरू नाही, हे मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, त्याचं काय सांगू? आता राग उरलेला नाही, लाज उरली आहे, आणि ती कशी फेडायची याचा व्हिडिओ तिने मला अजून पाठवलेला नाही. पण फोन करावा लागेल. हा सोमवार यायच्या आत करावा लागेल.

आज सकाळी नेटवर गेले तर शांताबाई आधीच येऊन थांबलेली. बाकीच्या यायला अवकाश होता. पदर कमरेला खोचलेला, आणि चेहरा असा, की कोणी जबरदस्तीने आणून उभी केली आहे.

“कसं बसतं ते दाखव,” ती म्हणाली. “आन हसली तं पाह्य मंग.”

मी हसले नाही. तिचे दोन्ही हात माझ्या हातांत घेतले आणि आम्ही दोघी समोरासमोर हळूहळू खाली गेलो. वीतभर गेलो असू, तर तिचे पाय थरथरू लागले. तिची बोटं माझ्या मनगटांत रुतली. ती मला शिव्या देऊ लागली, मग माझ्या जावेला, मग आपल्या गुडघ्यांना. मी तिला तशीच धरून ठेवलं आणि वर आणलं. उभी राहून ती धापा टाकत होती. नाकाच्या शेंड्यावर घाम आला होता. आता ही निघून जाणार, मला वाटलं.

“फिरून एकडाव,” शांताबाई म्हणाली.